चक्र उलटे फिरले नव्हते



गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत एक भांडण झाले. भांडण तसे मोठे नव्हते. पण ते एका कष्टाळू मुलाच्या मजुरीवर आणि नावावर बेतले होते, म्हणून त्याची हकिकत या सदरात सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. दुसरे असे की, त्या भांडणाच्या मुळाशी जे शास्त्र आहे ते आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये कॅमेरा आहे, आणि कॅमेऱ्यात दिसले म्हणजे ते घडलेच, असे आपण सगळेच धरून चालतो.

मिरवणुकीच्या रथावर बाबासाहेबांच्या प्रतिमेमागे मोठे अशोकचक्र लावायचे ठरले होते. वायरिंगची कामे करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या एका मुलाने ते अंगावर घेतले. प्लायवूड कापून त्याने चोवीस आऱ्यांचे चक्र केले, निळा रंग दिला, मागे बॅटरीवर चालणारी बारा व्होल्टची गिअरची मोटर बसवली. दिवसा दुसऱ्याचे काम आणि रात्री हे, अशा तीन रात्री त्याने जागून काढल्या. मिरवणूक निघाली तेव्हा उन्हे अजून होती. चक्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे डौलात फिरत होते. आम्ही स्वतः रथाच्या मागेपुढे होतो. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले, आणि वस्तीतल्या लहानथोरांनीही पाहिले.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आले आणि त्यात चक्र उलटे फिरताना दिसले.

झाले! दुसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते संतापाने म्हणाले, "धम्मचक्र उलटे फिरवले म्हणजे काय? लोक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, "पोरा, तू वायरी उलट्या जोडल्यास. मान्य कर आणि मोकळा हो." मुलगा उभा राहून म्हणाला, "काका, वायरी उलट्या असत्या तर तुम्हाला तिथंच उलटं दिसलं नसतं का? तुम्ही तर रथापुढं होता." त्यावर उत्तर आले, "मग कॅमेरा खोटं बोलतो का?" मागे बसलेल्या एका मावशींनी हळूच सुस्कारा टाकला, "चक्र उलटं फिरलं, वर्ष काही बरं जायचं नाही." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून हे शब्द यावेत याचे आम्हाला जास्त वाईट वाटले. मोटरीचे आणि प्लायवूडचे पैसे त्या मुलाने पदरचे घातले होते. त्याचा हिशेब "पुढच्या बैठकीत पाहू" म्हणून बाजूला ठेवला गेला.

तेवढ्यात दहावीतल्या एका मुलीने आपला फोन पुढे केला. तीच मिरवणूक, तोच चौक, तीच वेळ. तिच्या व्हिडिओत चक्र सुलटे फिरत होते. आता दोन फोन म्हणजे दोन साक्षीदार, आणि दोघांची साक्ष एकमेकांविरुद्ध. खोटे कोण बोलतो?

वाचकहो, खोटे कोणीच बोलत नव्हते. ते कसे, हे समजण्यासाठी कॅमेरा मुळात काय करतो हे पाहावे लागेल.

हलणारे चित्र असे काही नसते. सिनेमा असो, टीव्ही असो वा मोबाईल, त्यात असतात फक्त स्थिर फोटो, एकामागून एक वेगाने दाखवलेले. या प्रत्येक फोटोला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात किती फ्रेम घेतल्या, हा कॅमेऱ्याचा वेग. मुलांना हे दाखवायचे असेल तर जुनी वही घ्या. पानांच्या कोपऱ्यात चेंडूचे चित्र काढा, प्रत्येक पानावर चेंडू थोडा खाली. वीस-पंचवीस पाने झाली की अंगठ्याने भराभर सोडा. चेंडू पडताना दिसेल. कागदावर काहीच पडत नाही, तरी दिसते.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे दिलेले असते. समोरची वस्तू दूर झाल्यावरही तिची प्रतिमा सुमारे १/१६ सेकंद डोळ्यात टिकते. हे खरे आहे, पण एवढ्याने भागत नाही. प्रतिमा नुसत्या टिकल्या तर एकीवर एक साचून गिचमिड होईल. त्यांतून हालचाल तयार करण्याचे काम आपला मेंदू करतो. १९१२ साली मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दोन रेघा शेजारीशेजारी, एकीनंतर दुसरी अशा ठरावीक अंतराने दाखवल्या तर माणसाला दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ सरकताना दिसते. सरकणे रेघेत नव्हते, ते पाहणाऱ्याच्या मेंदूत होते. मेंदू दोन चित्रे पाहतो आणि "हे इकडचे तिकडे गेले असणार" अशी जोडणी करतो. जोडणी करताना तो बहुधा सर्वांत जवळचा मार्ग धरतो.

आता आपले चक्र घ्या. वर्तुळाचे अंश ३६०, आरे २४. म्हणजे दोन आऱ्यांमध्ये १५ अंशांचे अंतर. त्या मुलाची मोटर मिनिटाला साधारण ६० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला एक फेरा, ३६० अंश.

ज्या फोनात चक्र उलटे दिसले तो सेकंदाला ३० फ्रेम घेत होता. बहुतेक फोन कंपनीकडून तसेच लावून येतात. ३६० ला ३० ने भागा. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चक्र १२ अंश पुढे गेले. पण सगळे आरे सारखेच! पहिल्या फ्रेममध्ये जिथे आरा होता, त्याच्या फक्त ३ अंश मागे आता पाठीमागून आलेला दुसरा आरा उभा आहे. मेंदूपुढे दोन पर्याय : आरा १२ अंश पुढे गेला, की ३ अंश मागे आला? तो जवळचा धरतो, ३ अंश मागे. सेकंदात तीस वेळा हेच घडते आणि चक्र सावकाश उलटे फिरताना दिसते.

त्या मुलीचा फोन सेकंदाला ६० फ्रेमवर लावलेला होता. ३६० भागिले ६०, म्हणजे ६ अंश. आता आरा ६ अंश पुढे गेला, की ९ अंश मागे आला? जवळचा मार्ग ६ चा. चक्र सुलटे दिसले. खुलासा एवढाच.

गंमत पुढेच आहे. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो. ३६० भागिले २४ म्हणजे बरोबर १५ अंश, एका आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा. त्या कॅमेऱ्याने हेच चक्र टिपले असते तर ते जागच्या जागी थांबलेले दिसले असते! चोवीस आरे आणि चोवीस फ्रेम हा निव्वळ योगायोग आहे. सम्राट अशोकाच्या काळी सिनेमाचे ज्ञान होते, असा शोध कोणी लावू नये. असले शोध लावणारे आपल्या देशात कमी नाहीत, त्यांत आपली भर नको.

आम्ही बैठकीत हे गणित फळ्यावर मांडले. काहींना पटले, काही म्हणाले, "आकडे काय, कसेही फिरवता येतात." त्यांचेही बरोबर होते, नुसत्या सांगण्यावर का विश्वास ठेवावा? मग रथावरून उतरवलेले चक्र विहारासमोर उभे केले, एका आऱ्याच्या टोकाला लाल रिबीन बांधली, मोटर चालू केली आणि त्याच फोनने व्हिडिओ घेतला. त्यात आरे उलटे फिरत होते आणि लाल रिबीन सुलटी फिरत होती! एकाच चक्रावर, एकाच वेळी. कारण रिबीन एकच आहे, तिची गल्लत करायला शेजारी दुसरी रिबीन नाही. मावशी खो खो हसल्या. वर्ष वाईट जाण्याचा विषय तिथेच संपला.

डोळ्यांना जे दिसते ते पारखून घेण्यासाठीच कॅमेऱ्याने एकेकाळी फार मोठे काम केले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा जुना वाद होता. चित्रकार शतकानुशतके पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला घोडा काढत आले. १८७८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने लावले आणि घोड्याच्या वाटेत दोरे बांधले. दोरा तुटला की कॅमेऱ्याची झडप उघडे. फोटो आले तेव्हा दिसले की चारही पाय जमीन सोडतात हे खरे, पण ते पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. पिढ्यान्‌पिढ्या काढलेली चित्रे चुकीची ठरली. परंपरेने चालत आले म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेच येथे लागू पडते, फक्त आपण ते कॅमेऱ्यालाही लावायचे आहे.

आता प्रश्न येतो की सिनेमाला २४, टीव्हीला २५ आणि फोनला ३० असे वेगवेगळे आकडे का?

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला १६, १८, २० असा ज्याच्या त्याच्या हाताचा वेग. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आवाजाचा वेग कमीजास्त झाला तर सूर बिघडतो, म्हणून एकच आकडा ठरवावा लागला, तो २४. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलमआरा' १९३१ सालचा. टीव्हीचे आकडे विजेवरून पडले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दूरदर्शनच्या पद्धतीत २५ फ्रेम. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिकडे साधारण ३०. आपल्या फोनातला तीसचा आकडा हा तिकडच्या टीव्हीचा वारसा आहे.

आकडा जास्त म्हणजे माल चांगला, असे मात्र समजू नये. २४ किंवा २५ फ्रेममध्ये हालचाल किंचित पुसट, किंचित तुटक असते, आणि जन्मभर सिनेमे पाहिल्यामुळे आपल्याला ते 'सिनेमासारखे' वाटते. ५० किंवा ६० मध्ये हालचाल पाण्यासारखी वाहते, समोर घडते आहे असे वाटते, जसे क्रिकेटचे थेट प्रक्षेपण. २०१२ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने 'द हॉबिट' हा चित्रपट सेकंदाला ४८ फ्रेमने काढला, खर्च अफाट केला. अनेक प्रेक्षकांची तक्रार अशी की हा सिनेमा न वाटता टीव्हीवरचा कार्यक्रम वाटतो!

आता जरा घरच्या उपयोगाचे बोलू. आपल्याकडे मंगल परिणय असतो, नामकरण असते, जयंती असते. शूटिंगवाल्याला आपण "चांगले काढा" एवढेच सांगतो. त्याऐवजी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक : विहारात किंवा हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली, स्वस्त एलईडीखाली काढलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. फोन बिघडलेला नसतो. आपल्या विजेमुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ते डोळ्याला कळत नाही. २५ किंवा ५० ने १०० ला बरोबर भाग जातो, म्हणून प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. ३० ने भाग जात नाही, म्हणून पट्टे येतात. अनेक फोनांत २५ चा पर्याय सेटिंगमध्ये दडलेला असतो, तो शोधावा. नसेल आणि शटरचा वेग ठरवता येत असेल तर तो १/५० किंवा १/१०० ठेवावा.

दोन : शटरचा वेग म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घेतला ते. २५ फ्रेमला १/५० हे प्रमाण मानतात. तेवढ्या वेळात हललेला हात किंचित पुसट उमटतो आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल सलग वाटते. भर उन्हात फोन आपोआप शटर १/१००० किंवा त्याहूनही जलद करतो. मग प्रत्येक फ्रेम कापल्यासारखी स्वच्छ येते आणि लेझीम खेळणाऱ्या मुली झटके दिल्यासारख्या हलतात. उन्हातल्या मिरवणुकीसाठी ५० किंवा ६० फ्रेम ठेवाव्या, झटके कमी होतात.

तीन : २५ फ्रेमवर सभेचे दृश्य घेताना कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भर्रकन फिरवू नये. गर्दी अडखळत सरकल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याचे डोळे दुखतात. सावकाश फिरवावा.

चार : स्लो मोशन म्हणजे जास्त फ्रेम घेऊन त्या कमी वेगाने दाखवणे. २४० फ्रेम घेतल्या आणि ३० ने दाखवल्या तर एक सेकंद आठ सेकंद चालतो. पोरांच्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय रेषेला लागला की नाही, याचा निकाल त्यातून लागू शकतो. पण त्यासाठी फ्रेम आधीच घ्याव्या लागतात. मागाहून सावकाश चालवलेल्या साध्या व्हिडिओत नवी माहिती येत नाही.

पाच : ही सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, कपाटात वा माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट पडलेल्या आहेत. त्यांत लग्ने आहेत, विहाराची उद्‌घाटने आहेत, नामांतराच्या मोर्चांतले आपले नातेवाईक आहेत, जे आज हयात नाहीत. कॅसेटची पट्टी खराब होत चालली आहे. व्हिडिओ प्लेअर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनीही २०१६ साली थांबली. तेव्हा या कॅसेट वेळीच संगणकावर उतरवून घ्याव्यात. पण दुकानात देताना एक गोष्ट सांगावी. त्या जुन्या पद्धतीत एक फ्रेम दोन हप्त्यांत घेतली जात असे : आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम क्रमांकाच्या. हे दोन हप्ते एकाच क्षणाचे नसतात, त्यांत १/५० सेकंदाचे अंतर असते. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी क्षण ५० टिपलेले असतात. घाईने काम करणारे दुकानदार दोन्ही हप्ते एकत्र चिकटवतात, मग हललेल्या हाताला फणीसारखे दाते दिसतात. नाहीतर दर दुसरा हप्ता टाकून देतात, म्हणजे आपल्या आजीच्या हालचालीतला अर्धा भाग कायमचा फेकला जातो. म्हणून सांगावे, "पन्नासच्या पन्नास ठेवा." आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नये.

येथे आम्हाला एक गंभीर गोष्ट मांडायची आहे.

आजकाल जुन्या चित्रफिती संगणकाकडून 'गुळगुळीत' करून फिरवल्या जातात. यंत्र दोन खऱ्या फ्रेम पाहते आणि मधली फ्रेम स्वतः तयार करून घालते. नव्या टीव्हीतही अशी सोय असते, आणि ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. पटत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. करमणुकीत याने फारसे बिघडत नाही. पण आपल्या चक्राचाच विचार करा. तो उलटा दिसणारा ३० फ्रेमचा व्हिडिओ यंत्राला दिला आणि त्याचे ६० कर म्हटले, तर तेही बहुधा जवळचाच मार्ग धरील आणि मध्ये उलट्या फिरणाऱ्या आऱ्यांच्या फ्रेम भरील. चूक दुरुस्त होणार नाही, उलट अधिक खरी वाटू लागेल. मग त्या मुलाची बाजू घ्यायला कोणता पुरावा उरला असता?

बाबासाहेबांच्या हालत्या चित्रफिती आपल्यापाशी मोजक्याच आहेत. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत अंत्ययात्रा निघाली. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी केले. त्या काळी फिल्म फुटावर विकत घ्यावी लागे. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट संपते. म्हणजे कॅमेऱ्याची कळ दाबून धरायची तर प्रत्येक क्षणाला पैसा जात असे. अशा फिल्मवर जो प्रकाश उमटला तो त्या दिवशी, त्या रस्त्यावर, त्या शोकाकुल माणसांवरून परतलेला प्रकाश आहे. त्यात आपले आजे-पणजे आहेत. सेकंदाच्या त्या मोजक्या फ्रेम ही आपली साक्ष आहे.

अशा फितीत यंत्राने मधल्या फ्रेम घातल्या तर त्यातला हात बाबासाहेबांचा नसतो, तो यंत्राचा अंदाज असतो. ओठांची हालचाल, डोळ्यांची उघडझाप, गर्दीतला चेहरा, सगळा अंदाज. पाहायला ते छान वाटते, जिवंत वाटते, यात शंका नाही. आम्हालाही पाहताना भरून येते. पण उद्या कोणी उठून "अमुक क्षणी बाबासाहेबांनी असे केले" म्हणून बोट दाखवील, तेव्हा ते बोट खऱ्या फ्रेमवर आहे की घातलेल्या, हे कळायला मूळ प्रत हाताशी हवी. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला तेव्हा त्यात किती काही घातले आणि किती गाळले गेले, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग निदान आपल्या हाताने ते होऊ नये.

दुसरी काळजी वेगाची. मूकपटाच्या काळातली, सेकंदाला १६ फ्रेमने घेतलेली फीत २४ ने चालवली की ती दीडपट वेगाने पळते. माणसे तुरुतुरु धावतात आणि आपण हसतो. ती माणसे तशी चालत नव्हती. ती आपल्यासारखीच, आपल्या चालीने चालत होती. वेग सुधारून दाखवला की त्यांचा आब त्यांना परत मिळतो. तेव्हा जुनी फीत जपताना ती सेकंदाला किती फ्रेमची, हा आकडा कॅसेटच्या डबीवर, फाइलच्या नावात लिहून ठेवावा. यंत्राने फ्रेम घातलेली प्रत असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ प्रत वेगळी ठेवावी. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम विहारात बसून रविवारी-रविवारी केले तर दोन वर्षांत मोठा साठा उभा राहील.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागले नाही. रिबीन बांधून व्हिडिओ पाहिला त्याच संध्याकाळी त्याच्या हाती पैसे पडले. जे ज्येष्ठ कार्यकर्ते सर्वांत जास्त चिडले होते ते स्वतः म्हणाले, "बाळा, माझी चूक झाली. मी डोळ्यांनी सुलटं पाहिलं होतं आणि तरी फोनवर विश्वास ठेवला." चूक कबूल करायला मोठे मन लागते. आम्हाला त्यांचा अभिमान वाटला.

मुलगा मात्र वेगळ्याच विचारात होता. तो म्हणाला, "काका, पुढल्या वर्षी मोटर मिनिटाला पंधरा फेऱ्यांची बसवतो. मग कुठल्याच फोनात उलटं दिसायचं नाही." आम्ही घरी येऊन वहीत मांडून पाहिले. मिनिटाला पंधरा फेरे म्हणजे सेकंदाला ९० अंश, ३० फ्रेममध्ये प्रत्येकी ३ अंश पुढे. मागचा मार्ग १२ अंशांचा. बरोबर! पोराने तोंडी हिशेब केला होता.

आपल्या घरच्या मुलांनाही हे करून पाहायला सांगावे. जिन्याखालची सायकल उलटी उभी करा, चाक फिरवा, एका आरीला रिबीन बांधा, फोन ३० वर आणि मग ६० वर लावून पाहा. आरे किती, फेरे किती, फ्रेम किती, हे वहीत लिहा. आणि एखाद्या व्हिडिओवरून कोणाला दोषी धरायची वेळ आली, मग तो वायरमन असो, शेजारी असो की वर्तमानपत्रात फोटो आलेला कोणी अनोळखी तरुण, तर आधी विचारा : मधल्या वेळात काय घडले, जे कॅमेऱ्याने पाहिलेच नाही?

जयभीम!